‘जग’ कोणते, हे ध्वनिमुद्रणातून ठरवताना: ‘प्राट’ या संगणकप्रणालीचे परीक्षण

ध्वनिमुद्रित मराठी मजकुरातील समलेखी पण भिन्नोच्चारी शब्दांवर खुणा करण्यासाठी आज जी साधने सहज मिळतात, त्यांत ‘प्राट’ ही प्रणाली मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. मात्र ती संगणकावर ज्या स्थितीत उतरते त्याच स्थितीत वापरली, तर मराठीच्या बाबतीत तिचा मोठा उपयोग वाया जातो, आणि हे नीट समजावून सांगणारे मराठीत फारसे काही वाचनात न आल्याने हे परीक्षण लिहीत आहे. नाशिकमध्ये आम्ही काही वाचक आणि श्रोते मिळून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी शालेय पुस्तके, गोष्टी आणि माहितीपर लेख ध्वनिमुद्रित करतो. हीच ध्वनिमुद्रणे पुढे मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणकीय आवाजाला शिकवण्यासाठीही वापरता यावीत, म्हणून त्यांतील निवडक शब्दांचा प्रत्यक्ष उच्चार कोणता झाला, याची नोंद आम्ही ठेवतो. ही नोंद करणे हे माझ्याकडचे काम आहे, आणि पुढील मते त्या कामातून बनलेली आहेत.

प्रणालीकडे वळण्यापूर्वी तिच्यापुढे आपण कोणता प्रश्न ठेवतो आहोत, ते स्पष्ट करायला हवे, कारण इंग्रजीसाठी लिहिलेल्या बहुतेक मार्गदर्शकांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इंग्रजीत अशा शब्दांमधला फरक बहुधा स्वराचा किंवा आघाताचा असतो. मराठीत तो मुख्यतः च, ज आणि झ या तीन व्यंजनांचा आहे. या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आपण लहानपणापासून आपसूक करतो, पण लिहिताना दोहोंना एकच अक्षर वापरतो. काही कोशांत आणि व्याकरणांत अक्षराखाली नुक्ता देऊन हा भेद दाखवला जातो. रोजच्या छपाईत मात्र तो दिसत नाही. त्यामुळे ‘सारे जग’ यातला ज तालव्य आणि ‘मनासारखे जग’ या उपदेशातला ज दंततालव्य, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे असते. ‘जात आणि वर्ग’ मधली जात वेगळी, ‘गाडी मनमाडकडे जात होती’ यातले जात वेगळे. रामकुंडावर बसून कोणी करतो तो जप तालव्य, आणि घरातून निघताना ‘स्वतःला जप’ असे आई सांगते तो जप दंततालव्य.

शालेय पुस्तकांत तर अशा जागा पदोपदी भेटतात. ‘पुढील उतारा वाचा’ ही सूचना प्रत्येक भाषेच्या पुस्तकात असते, आणि त्याच पुस्तकातल्या एखाद्या धड्यात कोणीतरी अन्यायाला वाचा फोडलेली असते. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत. तिथला ‘चल’ हा संस्कृतातून आलेला असल्याने तालव्य आहे, पण अनेक वाचक तो ‘चल, उठ’ मधल्या चलसारखा वाचतात. दृष्टी असलेल्या मुलाला पान पाहून अर्थ लावता येतो. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाच्या कानावर मात्र चुकीचा च पडला, की गणितातली संज्ञा क्षणभर आज्ञा होऊन बसते आणि वाक्य पुढे निघून जाते.

दुसरा प्रकार स्वराचा आहे, आणि माझ्या मते नोंदणीच्या दृष्टीने तो अधिक अवघड आहे. लेखी प्रमाण मराठीत ‘काम केले’ आणि ‘प्रयत्न केले’ ही दोन्ही रूपे सारखीच लिहिली जातात. मोठ्याने वाचताना मात्र पहिले नपुंसकलिंगी एकवचन असल्याने ते पुष्कळांच्या तोंडून ‘केलं’ असे येते, आणि दुसरे पुल्लिंगी अनेकवचन असल्याने ते ‘केले’ असेच राहते. ‘तो असे म्हणत असे’ या लहानशा वाक्यातला पहिला ‘असे’ सहज ‘असं’ होतो, दुसरा कधीही होत नाही. बागेतली फुले ‘फुलं’ होतात, महात्मा फुले होत नाहीत. ‘माझे’ या शब्दात तर दोन्ही प्रकार एकत्र येतात, कारण ‘माझे घर’ हे ‘माझं घर’ असे वाचले, की शेवटच्या स्वराबरोबर झ देखील तालव्याचा दंततालव्य होतो. म्हणजे एकाच लिखित शब्दाच्या दोन उच्चारांत स्वर आणि व्यंजन असे दोन्ही फरक असतात, आणि लेबल लावणाऱ्याने दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते.

तिसरा प्रकार भाषेने निर्माण केलेला नाही, तो संगणकाने निर्माण केला आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्या मराठी लेखनात वेगळ्याच आहेत. परंतु अर्धा ऱ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो: एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसरीत साध्या र नंतर हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या अनेक लहानसहान प्रणाली हे अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकतात, आणि मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. ध्वनिमुद्रणात उच्चार बरोबर, मूळ पुस्तकात लेखन बरोबर, आणि मधल्या मजकूर-फाइलीत मात्र नसलेला समलेखी शब्द तयार झालेला, अशी ही अवस्था असते. हे शब्द उच्चाराची लेबले लावून सोडवू नयेत. मजकूर मुळात दुरुस्त करावा, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रणालीविषयी. प्राट ही ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी विकसित केलेली, ध्वनिविश्लेषणासाठी जगभर वापरली जाणारी प्रणाली आहे. ती विनामूल्य आहे, तिची मूळ आज्ञावली खुली आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ती चालते. उतरवून घेतल्यावर तिला इंटरनेट लागत नाही आणि फार ताकदीचा संगणकही लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर, पावसाळ्यात वीज गेलेली असताना, बॅटरीवरही ती व्यवस्थित चालते, हे स्वयंसेवेने चालणाऱ्या कामाच्या दृष्टीने लहान गुण नव्हे. ध्वनिमुद्रण आपल्याच संगणकावर राहते, कोणत्याही परक्या सर्व्हरवर जात नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते, कारण वाचणाऱ्यांत काही शाळकरी मुले असतात.

कामाची रीत अशी. ध्वनिफाइल उघडायची, तिच्यासाठी ‘टेक्स्टग्रिड’ नावाची खुणांची फाइल तयार करायची, आणि दोन्ही एकत्र निवडून संपादनाची खिडकी उघडायची. वर ध्वनीची लहर, मध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत आवाजाचा किती जोर आहे ते दाखवणारे चित्र, आणि खाली आपण ठरवलेले स्तर, म्हणजे टियर, अशी तिची मांडणी असते. स्तर दोन प्रकारचे असतात: एकात काळाचा तुकडा दाखवता येतो, दुसऱ्यात केवळ एक बिंदू. निवडलेला भाग टॅबची कळ दाबताच ऐकू येतो, आणि हीच सोय दिवसभराच्या कामात सर्वाधिक उपयोगी पडते, कारण ‘जात’ मधला ज ठरवण्यासाठी तो तुकडा पुन्हा पुन्हा, कधी मागच्यापुढच्या शब्दासह तर कधी एकटाच, ऐकावा लागतो.

खरी अडचण स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे, आणि या परीक्षणातली सर्वांत उपयोगी गोष्ट मी इथेच सांगत आहे. प्राटमध्ये स्पेक्ट्रोग्राम मुळात ० ते ५००० हर्ट्झ एवढाच दिसतो. स्वरांच्या अभ्यासाला तेवढे पुरते. पण च आणि ज यांच्या दोन उच्चारांमधला फरक मुख्यतः जीभ सुटल्यानंतर होणाऱ्या घर्षणाच्या आवाजात असतो. दंततालव्य उच्चारात जिभेचे टोक दातांच्या मुळाशी असते, त्याच्यापुढची पोकळी लहान राहते, आणि त्यामुळे घर्षणाचा जोर वरच्या पट्टीत जातो. तालव्य उच्चारात जीभ मागे टाळूकडे पसरते, पुढची पोकळी मोठी होते, आणि जोर खालच्या पट्टीत उतरतो. हा वरचा पट्टा बऱ्याच अंशी ५००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये तो पडद्यावर येतच नाही. नवीन माणूस मग दोन्ही ‘जग’ पडद्यावर पाहतो, फारसा भेद दिसत नाही म्हणून निराश होतो आणि प्रणालीला दोष देतो. स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन वरची मर्यादा ८००० किंवा १०००० केली, की तोच भेद उघड दिसू लागतो: ‘चल, उठ’ मधल्या च चा काळा पट्टा वर चढलेला आणि ‘दोन चल’ मधला खाली बसलेला. इंग्रजी मार्गदर्शक पाहून काम सुरू करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने सर्वांत आधी हा बदल करावा.

पडद्यावरची मर्यादा वाढवून भागत नाही. मुळात तो आवाज फाइलीत असावा लागतो. डिजिटल ध्वनिमुद्रणात सॅम्पलिंग रेटच्या, म्हणजे दर सेकंदाला आवाज जितक्या वेळा मोजला जातो त्या संख्येच्या, निम्म्यापर्यंतचेच आवाज टिकतात. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे, आणि ८००० च्या रेटने केलेल्या मुद्रणात ४००० च्या वरचे काहीच उरत नाही. अशा फाइलीवर कानाने किंवा डोळ्याने दंततालव्य ठरवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे बऱ्याच वेळा अर्थावरून अंदाज बांधून त्याला ‘ऐकले’ म्हणणे होय. आम्ही आता ४४१०० च्या रेटने, वेव्ह स्वरूपातच मुद्रण घेतो. कमी आकाराच्या एमपीथ्री फाइलींत वरचा पट्टा कापला जातो, आणि गोंगाट कमी करणाऱ्या प्रणाली घर्षणाला गोंगाटच समजून पातळ करतात, म्हणून लेबले लावण्याच्या प्रतीवर आम्ही दोन्ही टाळतो. पंख्याचा आणि पावसाचा आवाजही याच वरच्या भागात पसरतो. आषाढात पत्र्याच्या छपराखाली मुद्रित झालेल्या फाइलींत माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, स्वरही चांगले दिसतात, पण च चे काय झाले ते सांगता येत नाही. असे भाग कोरड्या दिवशी पुन्हा वाचून घेणे हाच उपाय आहे.

डोळ्यांनी पाहता येणे का महत्त्वाचे, याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार जवळचे वाटते. आमच्या श्रोत्यांत निवृत्त शिक्षक बरेच आहेत. त्यांचे मराठी काटेकोर, शब्दांची पारख उत्तम, वेळ देण्याची तयारीही मोठी. परंतु वयानुसार कानांची क्षमता कमी होते तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि आपल्याला नेमका तोच पट्टा हवा असतो. भाषा पूर्ण अवगत असलेल्या श्रोत्याच्या बाबतीत असे होते, की अर्थावरून मन योग्य उच्चार भरून घेते आणि वाचकाने चुकीचा केलेला उच्चार कानाआड जातो. स्पेक्ट्रोग्राम अशा श्रोत्याच्या हातात दिला, तर त्याच्या भाषेच्या जाणतेपणाचा लाभ कामाला मिळत राहतो. संशय आला तर घर्षणाचा तुकडा निवडून त्याचा वर्णपट काढता येतो आणि प्राटकडून त्याचा ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’, म्हणजे ऊर्जेचा मध्यबिंदू किती हर्ट्झवर आहे, तेही विचारता येते. दंततालव्याचा आकडा वरचा येतो. मात्र हा आकडा व्यक्तीनुसार बदलतो. स्त्री, पुरुष आणि मूल यांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये. त्याच वाचकाच्या ‘चांगला’ मधला च आणि ‘चरण’ मधला च असे निःसंदिग्ध नमुने मोजून, संशयित शब्द त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. ज आणि झ हे घोष वर्ण असल्याने त्यांत कंठातला कंपही मिसळतो आणि खालच्या पट्टीतली ऊर्जा आकडा खाली ओढते, म्हणून च ची तुलना च शीच करावी, हेही सांगून ठेवतो.

लेबलांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न प्राट आपल्यावर सोपवते, आणि इथे आपण काय ठरवतो त्यावर सगळ्या कामाची प्रत अवलंबून राहते. आमचा पहिला स्तर मूळ मजकुराचा, जसा पुस्तकात आहे तसा. दुसरा शब्दांचा. तिसऱ्यात अर्थावरून अपेक्षित असलेला उच्चार, आणि चौथ्यात प्रत्यक्ष ऐकू आलेला उच्चार. तिसरा आणि चौथा वेगळे ठेवणे हा या कामाचा प्राण आहे. वाचकाने ‘दोन चल’ मधला च दंततालव्य केला असेल, तर चौथ्या स्तरात दंततालव्य असेच लिहावे. शब्दकोशात काय आहे किंवा आपल्याला काय शोभले असते, ते तिथे लिहू नये. संगणकीय आवाज जर या नोंदींवरून शिकणार असेल, तर एका आवाजावर दुसऱ्या आवाजाचे नाव लावलेले प्रत्येक लेबल त्याला चुकीचे शिकवते. सुधारलेला उच्चार हवा असेल तर वाचकाकडून ते वाक्य पुन्हा वाचून घ्यावे.

नाशिकसारख्या ठिकाणी हा दंडक पाळणे विशेष गरजेचे आहे. इथल्या वाचकांत जुन्या नाशकातली माणसे आहेत, बागलाण आणि मालेगावकडून आलेली, घरी अहिराणी बोलणारी आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आहेत, आणि शाळा पूर्ण इंग्रजीत झालेली तरुण मुलेही आहेत. च आणि ज यांचा भेद प्रत्येकाच्या तोंडी सारखाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. ‘जडत्व’ सारख्या शब्दात तर एकाच शाळेत शिकलेले दोघे वेगवेगळा ज उच्चारतात. लेबल लावणारा आपल्या घरचा उच्चार प्रमाण मानून बसला, की इतर सर्वांचे आवाज त्याच्या नोंदीत एकसारखे होतात आणि जे प्रत्यक्ष बोलले गेले ते हरवते. म्हणून प्रत्येक फाइलीचा काही भाग दुसऱ्या श्रोत्याकडे, पहिल्याचा चौथा स्तर काढून टाकून, स्वतंत्रपणे दिला जातो. दोघांचे जुळत नाही तिथे तिसऱ्याचे मत घेतो, आणि तरीही ठरत नसेल तर ‘संदिग्ध’ हे लेबल राहू देतो. संदिग्धाला स्वतःची जागा नसलेली कोणतीही लेबलांची यादी मराठीच्या कामाला अपुरी आहे.

लेबलांसाठी आम्ही केवळ ‘ता’, ‘दं’ आणि संदिग्धासाठी प्रश्नचिन्ह एवढ्याच खुणा ठेवल्या. नुक्ता दिलेले ज आणि च वापरणे अधिक सुंदर दिसले असते, पण नुक्ता असलेला ज युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सामायिक संकेतांत, एका चिन्हाने किंवा दोन चिन्हांनी, असा दोन्ही प्रकारे लिहिता येतो, आणि च ला तशी एकचिन्ही सोयच नाही. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन लेबले संगणक वेगळी मोजतो, आणि हा घोळ पुढे निस्तरणे कष्टाचे असते. केले-केलं या प्रकारासाठी ऐकू आलेले रूप पूर्ण लिहितो, कारण तिथे अनुस्वार देऊन भेद दाखवण्याची सोय आपल्या लेखनातच आहे.

प्राटच्या उणिवाही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. लेबले यादीतून निवडण्याची सोय संपादनाच्या खिडकीत नाही. प्रत्येक वेळी टंकावे लागते, आणि माणूस टंकणार म्हणजे कधी ‘दं’ च्या पुढे टिंब येणार, कधी मोकळी जागा. प्राटमध्ये लहान आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिता येतात आणि त्यांनी अशा चुका शोधता येतात, पण स्क्रिप्ट लिहिणारे कोणीतरी गटात असावे लागते. दुसरी उणीव फाइल साठवण्याची. मजकुरात देवनागरी असेल तर मूळ सेटिंगनुसार टेक्स्टग्रिड यूटीएफ-१६ या स्वरूपात लिहिली जाते; पुढच्या टप्प्यावरच्या बऱ्याच प्रणाली अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या दुसऱ्या रीतीची अपेक्षा करतात आणि फाइल उघडताना अडखळतात. मजकूर लिहिण्याच्या सेटिंगमध्ये हे सुरुवातीलाच बदलून घ्यावे. काम आपोआप जतन होत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने ते स्वतः साठवण्याची सवय लावावी. खिडकीत दहा सेकंदांहून अधिक भाग दिसत असेल तर स्पेक्ट्रोग्राम दिसेनासा होतो. हे बिघाड नसून सेटिंग आहे, आणि जवळ गेले की तो परत येतो. सर्व मेनू आणि मदतीची पाने इंग्रजीत आहेत. मदतीची पाने उत्तम लिहिलेली आहेत, पण त्यांचा लाभ आमच्या अर्ध्या स्वयंसेवकांना होत नव्हता, म्हणून नेमक्या लागणाऱ्या पायऱ्यांचे मराठी टिपण आम्हाला स्वतःच तयार करावे लागले.

इतर साधनांशी तुलना करायची, तर नेदरलँड्समधल्याच नायमेगन येथील माक्स प्लांक संस्थेची ‘ईलॅन’ ही प्रणाली नावाने घ्यायला हवी. तिच्यात लेबलांची बंदिस्त यादी आधीच ठरवता येते आणि खुणा करताना त्यांतूनच निवड करावी लागते. वर सांगितलेल्या टंकनाच्या चुका तिथे होतच नाहीत, आणि प्राटच्या टेक्स्टग्रिड फाइली ती घेते व देतेही. ज्या गटात दहा-बारा हात एकाच यादीवर काम करणार आहेत, त्यांनी शब्दांची निवड आणि लेबले ईलॅनमध्ये करावीत, आणि शंकेच्या जागा प्राटमध्ये उघडाव्यात, असे मी सुचवेन. ध्वनीचे स्वरूप बारकाईने पाहण्यात मात्र प्राट पुष्कळ पुढे आहे. ‘ऑडॅसिटी’मधली लेबलांची पट्टी शिकायला सर्वांत सोपी आहे आणि नवशिक्यासाठी ती ठीकच आहे, परंतु एकमेकांशी जोडलेले अनेक स्तर सांभाळण्यासाठी ती बनलेली नाही. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात मराठी वाक्येही आहेत आणि त्याचे मोल मोठे आहे; तिथे श्रोत्याला ऐकलेले वाक्य लिहिलेल्या वाक्याशी जुळते का, एवढेच विचारले जाते. समलेखी शब्दांच्या बाबतीत हा प्रश्न पुरत नाही, कारण ‘जग’ कसेही वाचले तरी लिहिलेल्या ‘जग’ शी ते जुळतेच.

मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांनी प्राटच्या जोडीला ‘माँट्रियल फोर्स्ड अलाइनर’ पाहावा. मजकूर आणि ध्वनी दिल्यावर तो प्रत्येक शब्दाची व प्रत्येक ध्वनीची जागा आपोआप ठरवतो आणि निकाल टेक्स्टग्रिडमध्येच देतो. त्याच्या उच्चारकोशात एकाच लेखनापुढे दोन उच्चार देता येतात, आणि ध्वनी ऐकून जवळचा कोणता ते तो निवडतो. समलेखी शब्दांसाठी ही फार मोलाची सोय आहे, पण तिचा उपयोग पहिल्या अंदाजापुरताच करावा, कारण तो निवड करतो ती आधी शिकवलेल्या नमुन्यांवरून, आणि त्या नमुन्यांतच दोन ज एकत्र झालेले असतील तर त्याच्या निवडीला काही अर्थ राहत नाही. म्हणून आधी माणसांनी नीट ऐकून, पाहून लावलेल्या लेबलांचा एक लहान पण निर्दोष संच प्राटमध्ये तयार करावा, तो अलाइनरला शिकवावा, आणि मग त्याने लावलेल्या लेबलांपैकी ज्या शब्दांचे दोन्ही उच्चार अर्थपूर्ण आहेत ते सर्व पुन्हा माणसाने तपासावेत. इ, ई, ए आणि य यांच्या आधीचे च-ज बहुतेक ठिकाणी तालव्यच असतात, त्यामुळे चिमणी, जेवण, जिल्हा असे असंख्य शब्द तपासणीतून वगळता येतात आणि श्रम खऱ्या शंकेच्या जागी लावता येतात. अपवाद ‘माझे’ आणि त्यासारख्या नपुंसकलिंगी रूपांचा. ती मात्र एकही न वगळता ऐकावीत.